ओ मेजर, पगार कंपनी देणार का एजन्सी?

पेन्शनवर आलो त्याच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट, २०१६ सालची. कोल्हापुरात स्टँडजवळ एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर एका एजन्सीचं ऑफिस होतं, बाहेर बोर्ड लावलेला, माजी सैनिकांना हमखास नोकरी. आत गेल्यावर फॉर्म दिला. मी सतरा वर्षं सर्व्हिस, ईएमई म्हणजे फौजेची गाड्या-मशिनरी दुरुस्त करणारी शाखा, व्हेईकल मेकॅनिक, हवालदार, कुठल्या कुठल्या वर्कशॉपला होतो ते सगळं अक्षर काढून लिहिलं, फौजेत कागद नीट लिहायची सवयच लागते. समोरच्या पोरानं फॉर्मवरनं बोट फिरवत आणलं ते 'आर्मी' या शब्दावर थांबलं, पुढं गेलंच नाही. "मेजर, उंची किती तुमची? आणि बारा बोर बंदुकीचं लायसन आहे का?" एवढे दोन प्रश्न, झाला इंटरव्ह्यू. रजिस्ट्रेशनचे १,५०० रुपये घेतले, दोन फोटो घेतले, डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या सर्व्हिसचा दाखला, ओरिजिनल ठेवून घेतलं, आणि सोमवारपासून मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या गेटवर उभा.

आपल्याकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकालाच मेजर म्हणतात, शिपाई असो नाहीतर सुभेदार, प्रेमानं म्हणतात त्यात काही वाईट नाही. पण "ओ मेजर, गेट उघडा" हे दिवसात पन्नास वेळा ऐकलं का आतून कसं होतं ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळंल.

गार्डचं काम हलकं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, हे आधीच सांगतो. माझ्या ओळखीतले कितीतरी जण साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी करतात आणि दिवसा ऊस बघतात, घर गावातच, म्हातारी आईवडील जवळ, त्यांनी ते ठरवून घेतलंय आणि त्यांचं बरोबर आहे. माझं भांडण आहे ते न विचारता ठरवलं जातं त्याच्याशी. मिलिटरीतनं आला म्हणजे सिक्युरिटी, विषय संपला. आणि हे असं का होतं याचं उत्तर मला त्या फौंड्रीच्या गेटवरच मिळालं. तेच सांगायला बसलोय, कारण दर आठवड्याला कुणीतरी फोन करून विचारतंच, कुठली एजन्सी चांगली.

एजन्सी म्हणतो त्या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळे धंदे चालतात. एक धंदा नोकरी लावून द्यायचा. कंपनीला माणूस पाहिजे, एजन्सी शोधून देते, कंपनी एजन्सीला एकदाच फी देते, बऱ्याच ठिकाणी ही फी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे सरळ एका महिन्याच्या पगाराएवढी असते, आणि तुम्ही कंपनीच्या मस्टरवर जाता. एजन्सीचा आणि तुमचा संबंध तिथं संपला. दुसरा धंदा माणूस पुरवायचा. इथं तुम्ही कायम एजन्सीचेच कामगार, कंपनी दर महिन्याला तुमच्या नावाचं बिल एजन्सीला देते, त्यातनं सर्व्हिस चार्ज कापून उरलेलं तुमच्या हातात. पहिल्यात तुम्हाला नोकरी लावली जाते, दुसऱ्यात तुम्ही भाड्यानं दिले जाता, आणि बाहेर बोर्ड मात्र दोन्हीकडं एकच, जॉब प्लेसमेंट.

आता हिशोब मांडून बघा. समजा एखाद्याला फिटर म्हणून २०,००० वर लावलं, एजन्सीला एकदा वीस हजार मिळाले, संपलं. त्याच माणसाला १८,००० च्या गार्ड ड्युटीवर स्वतःच्या रोलवर ठेवला आणि सर्व्हिस चार्ज १४ टक्के धरला, डीजीआर म्हणजे केंद्राचं माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं कार्यालय, त्यांच्या दरात तेवढाच धरतात, तर महिन्याला २,५२० रुपये. आठ महिन्यात वीस हजार वसूल, आणि पाच वर्षं ठेवला तर दीड लाखाच्या वर. आता सांगा, त्या पोरानं माझा व्हेईकल मेकॅनिक हा शब्द वाचायचा कशाला? वाचला असता तर त्याचंच नुकसान होतं. त्या पोराचा मला राग नाही, त्याला जे विकायला बसवलंय तेच तो विकणार. म्हणून ऑफिसात पाय टाकला का पहिला प्रश्न हाच विचारायचा, माझा पगार कोण देणार, कंपनी का तुम्ही? अपॉइंटमेंट लेटरवर कुणाचं नाव असणार? सरळ उत्तर आलं तर पुढं बोला, आणि "ते बघू हो मेजर, आधी जॉईन तर व्हा" असं आलं तर उठून या.

मला हे कळायला पाच महिने लागले. पावसाळ्यातली रात्र होती, भट्टीत हीट चालू, इंडक्शन फर्नेसमध्ये मेटल पातळ झालेलं आणि लाईट गेली. अशा वेळी भट्टीच्या कॉइलमधलं पाणी फिरत राहिलं पाहिजे, नाहीतर कॉइल जाते, आणि कॉइलला भोक पडून पाणी मेटलला लागलं तर स्फोट, माणसं जातात. पाण्याचा पंप जनरेटरवर घ्यायचा होता आणि जनरेटर नुसता फिरत होता, पकडत नव्हता. ऑपरेटर नवा, पोरगं घामाघूम झालेलं, सारखं सेल्फ मारून बॅटरी उतरवायला लागलेलं. मी गेटवरनं आवाज ऐकूनच ओळखलं का डिझेल पोचत नाही. जाऊन विचारलं तर दुपारी फिल्टर बदललेला, म्हणजे लाईनीत हवा. ब्लीड स्क्रू ढिला केला, हँड प्रायमरनं डिझेल मारत बसलो, बुडबुडे जाऊन नुसतं डिझेल यायला लागल्यावर आवळला, दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. सहा-सात मिनिटाचं काम. वर बर्फात फौजेच्या स्टॅलियन ट्रकवर हे मी किती वेळा केलं असंल त्याची मोजदाद नाही, बोटं बधीर झालेली असायची, इथं निदान बोटं तरी चालत होती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलवून घेतलं. "मेजर, तुम्ही गेटवर काय करायलाय? मेंटेनन्सला या, १८ हजार देतो." मला त्यावेळी हातात ९,२०० पडत होते, बारा तासाचे. मी हो म्हटलं, घरी फोनसुद्धा केला. आणि दोन दिवसांनी एचआरच्या माणसानं फाईल उघडून मला ॲग्रीमेंटचा कागद दाखवला. एजन्सीनं पुरवलेला माणूस कंपनीनं स्वतःकडं घ्यायचा नाही, घेतला तर दंड. त्याच फाईलीत माझ्या नावाचं बिल पण होतं, १३,८०० रुपये महिना. मालक चांगला माणूस, पण म्हणाला कशाला वादात पडायचं. मी परत गेटवर. चार महिन्यांनी सोडलं, तर डिस्चार्ज बुक परत मिळवायला तीन हेलपाटे घातले.

माझ्या मते सगळ्यात वाईट कलम ते आहे. १,५०० गेले ते गेले, माणूस विसरतो. पण कामगाराला माहीतच नाही अशा कागदावर त्याची पुढची नोकरी अडवून ठेवायची, आणि तेही ज्यानं त्या कागदावर सही केलेली नाही त्याची, हे कुठल्या न्यायात बसतं? माणूस हा काय ट्रॅक्टर आहे का करार संपेपर्यंत दुसऱ्याच्या रानात न्यायचा नाही म्हणायला? एजन्सीनं माणूस शोधून दिलाय तर तिला शोधल्याची फी एकदा मिळावी, त्याला माझी हरकत नाही, कंपनीनं एका महिन्याचा पगार एजन्सीला द्यावा आणि माणूस मोकळा करावा. अशी सोय ॲग्रीमेंटमध्ये सक्तीची पाहिजे. आपल्या आमदार-खासदारांना माजी सैनिकांच्या मेळाव्यात शाल-नारळ देताना हे एकदा कुणीतरी विचारा.

दुसरी गोष्ट पेन्शनची, आणि याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय. पगाराची बोलणी सुरू झाली का समोरचा म्हणतो, "तुम्हाला पेन्शन आहेच की." कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत, कुठंही जा, हे वाक्य ठरलेलं. आणि आपलाच माणूस खाली मान घालून म्हणतो, हो, आहे. अहो, पण पेन्शन ही माझ्या पंधरा-सतरा वर्षांची कमाई आहे, ती देशानं मला दिलीय, कंपनीला दिलेली नाही. माझ्या पेन्शनच्या जोरावर कंपनी माझा पगार कमी करते म्हणजे सरकारच्या तिजोरीतनं कंपनीला अनुदान मिळाल्यासारखंच झालं. आणि त्यात तोटा फक्त माझा नाही, माझ्या शेजारी उभा असलेला बिगरफौजी पोरगा, त्याला पेन्शन नाही काही नाही, त्याचाही दर माझ्यामुळं पडतो, कारण मालक म्हणतो मेजर एवढ्यात येतात तर तू का नाही. शिपाई पस्तीस-चाळीसच्या वयात बाहेर पडतो. पोरं आठवी-दहावीत, घराचं कर्ज अर्धं, आईवडिलांची आजारपणं त्याच वेळी सुरू झालेली. त्या वयात सिव्हिलमधला माणूस ऐन कमाईत असतो आणि आपण पेन्शन आहेच की ऐकत बसतो.

कामाची किंमत कामावरनं ठरवा. किमान वेतन सगळ्यांना सारखं आहे, पेन्शन असणाऱ्याला कमी असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. जादा तासाला दुप्पट दर आहे. पीएफमध्ये मालकाचा १२ टक्के हिस्सा मालकानंच भरायचा असतो, काही एजन्स्या दोन्ही हिस्से आपल्याच पगारातनं कापतात, पासबुक मोबाईलवर दिसतं, दर महिन्याला बघा. एजन्सीनं पगार थकवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे पण लक्षात ठेवा, कंपनीवाले हात झटकतात पण कायद्यानं त्यांना झटकता येत नाहीत.

आणि सिक्युरिटीतच जायचं असंल तर निदान चांगल्या दारानं जा. डीजीआर म्हणजे दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय, त्यांच्या पॅनेलवरच्या एजन्सीत गार्डपैकी किमान ९० टक्के माजी सैनिक घ्यावे लागतात आणि पगार केंद्राच्या किमान वेतनाप्रमाणं असतो. आपल्या राज्याचं माजी सैनिक महामंडळ आहे, मेस्को, ते पण सुरक्षा रक्षक पुरवतं. खाजगी एजन्सी असंल तर २००५ च्या कायद्याखाली तिला लायसन लागतं, ते ऑफिसात भिंतीवर दिसायला पाहिजे, नसंल तर मागा. त्याच कायद्यात सैन्यातनं आलेल्याला प्राधान्य देता येईल असं लिहिलंय.

सरकारी नोकरीचं थोडक्यात सांगतो, ते सगळ्यांना माहीत असतं. राज्यात क आणि ड गटात १५ टक्के, केंद्रात क गटात १० आणि ड गटात २० टक्के, बँका आणि सरकारी कंपन्यात १४.५ आणि २४.५, वयात सर्व्हिसची वर्षं अधिक तीन वर्षं सूट. कागदावर भरपूर आहे, प्रत्यक्षात भरती या आकड्यांच्या खूप खाली राहते. परीक्षेला बसा, क्लास लावा, पण फक्त त्याच्यावर तीन-चार वर्षं काढू नका.

मग एजन्सी पाहिजेच का? पाहिजे. हे म्हणताना मी मागं घेत नाहीय काही. आपल्या माणसाला चाकणच्या, रांजणगावच्या, भिवंडीच्या कंपनीत ओळख कुठली? एएससीतला, म्हणजे फौजेच्या रसद शाखेतला माझा एक दोस्त, आयुष्यभर रेशन आणि पेट्रोलचा हिशोब ठेवलेला, भिवंडीच्या एका गोदामात शिफ्ट इनचार्ज म्हणून लागला तो एजन्सीतनंच. तिथल्या बाईनं फोनवर त्याला पाऊण तास विचारलं, हाताखाली किती माणसं होती, स्टॉक कसा मोजायचा, तुटीचा जबाब कुणाला द्यायचा, कॉम्प्युटरवर काय काय येतं. एक रुपया घेतला नाही, अपॉइंटमेंट लेटर कंपनीच्या लेटरहेडवर आलं. चांगली एजन्सी अशी ओळखायची, ती उंची न विचारता काम विचारते. कामगाराकडनं फी घ्यायची नाही हे तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारातच आहे. परदेशी नोकरीसाठी आपल्या देशात निदान मर्यादा तरी आहे, एजंट नोंदणीकृत पाहिजे आणि ३०,००० अधिक जीएसटीच्या वर तो घेऊ शकत नाही. देशातल्या नोकरीसाठी केंद्राच्या कायद्यात अशी मर्यादा नाही, म्हणून मग कुणी पाचशे घेतंय, कुणी पाच हजार.

आता हे सगळं घाईचं झालंय ते अग्निवीरांमुळं. जून २०२२ ला चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली, पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. शंभरातले पंचवीस आत राहणार, बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर सांगितलेली १५ टक्क्याची दारं आमच्यासारखी त्यांना आपोआप उघडत नाहीत. हातात सेवानिधीचे साधारण ११ लाख ७१ हजार. एकवीस-बावीस-चोवीस वर्षांचं पोरगं, अंगात रग, बँकेत अकरा लाख, आणि नोकरीची घाई. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे जिथं घरटी फौजी, चंदगड, गडहिंग्लज, आजरा, भुदरगड, कागल, या पट्ट्यात प्रत्येक गल्लीत अशी पोरं असणार. अशा पोरांना गाठायला सगळ्यात आधी कोण येणार, सरकार का एजंट? दोन लाख द्या, दुबईला लावतो, रेल्वेत लावतो, असं म्हणणारे आत्तापासूनच फिरायला लागले असतील तर मला नवल वाटणार नाही.

हे थांबवायचं तर चांगलं काहीतरी आधी उभं राहिलं पाहिजे आणि ते कोल्हापुरात शक्य आहे, म्हणून तर तळमळ. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित, उद्यमनगर, सगळीकडं मालक लोक एकच रडगाणं गातात, माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. आणि इकडं वेळेवर येणारा, मशीन पुसून ठेवणारा, लॉगबुक भरल्याशिवाय घरी न जाणारा माणूस गेटवर सलाम मारत उभा आहे. या दोघांची गाठ घालायला मध्ये फक्त एक कागद लागतो. फौजेतला ट्रेड सिव्हिलच्या भाषेत सांगणारा कागद. एसकेटी म्हणजे काय हे फौंड्रीच्या मालकाला कळत नाही, स्टोअर इनचार्ज म्हटलं का कळतं. सिग्नलचा लाईनमन, इंजिनिअर्सचा डोझर ऑपरेटर, एएमसीचा, म्हणजे मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट, प्रत्येकाचं असं मांडता येतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, उद्योजकांच्या संघटना आणि आपल्यातले आठ-दहा निवृत्त सुभेदार असे एकत्र बसले तर महिन्याभरात हा तक्ता तयार होईल. मग तो तक्ता महासैनिक दरबार हॉलमध्ये मेळावा घेऊन एजन्सीवाल्यांच्या हातात द्या, सांगा का माणूस द्यायचा तर या ट्रेडवर द्यायचा, माणसाकडनं पैसे घ्यायचे नाहीत, ओरिजिनल कागद ठेवून घ्यायचे नाहीत, आणि कंपनीला तो आवडला तर अडवायचा नाही. ज्या एजन्सीला मान्य आहे तिचं नाव कार्यालयाच्या बोर्डवर लावा.

कुणी म्हणंल बाजारात असल्या अटी चालत नाहीत. याच गावात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला जाहीरनामा काढून रिकाम्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्यावेळी पण चालत नाही म्हणणारे होतेच. नोकरी कुणाच्या हातनं आणि कुठल्या अटीवर मिळते त्यात राज्यानं लक्ष घालायचं असतं, हे आपल्या मातीला नवीन नाही.

आपल्या बाजूची चूक पण सांगतो. आपण बायोडाटा लिहीतच नाही. सतरा वर्षं सेवा, सेवेत लाल शाई, म्हणजे शिक्षेची नोंद नाही, एवढं लिहून देतो आणि समोरच्यानं समजून घ्यावं म्हणतो. तो कसा समजून घेणार? शेवटच्या वर्षात डीजीआरचे कोर्स असतात, कितीजण युनिटकडं हट्ट धरून मागून घेतात? मी पण घेतला नव्हता. आणि जॉईन झाल्यावर सिव्हिलमधल्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं काही सांगितलं का आपल्याला लागतं, हे सोडावं लागंल. मी दोन महिने धुसफुसत काढले, नंतर त्याच पोरानं मला पीएलसी पॅनेल, म्हणजे मशीन आपोआप चालवणारी यंत्रणा शिकवली.

सध्या मी दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आठ वर्षं झाली, कंपनीच्या मस्टरवर. मागच्या महिन्यात शेजारचं पोरगं सुट्टीवर आलेलं, अग्निवीर, सिग्नलला. एका एजन्सीचा फॉर्म घेऊन संध्याकाळी आमच्या सोप्यात आलं, कामाचा अनुभव या ओळीत लिहिलेलं, अग्निवीर, ४ वर्षे. मी विचारलं, रोज काय करत होतास ते सांग. म्हणाला, "काय नाही काका, केबल टाकायची, तुटली का शोधायची, सेट चालू ठेवायचा, जनरेटर बघायचा." मग एकेक विचारत गेलो, किती किलोमीटर, कसली केबल, फायबर जोडायला येतं का, जोडायचं मशीन कुठलं, फॉल्ट सापडायला किती वेळ लागायचा, रात्री एकटा असायचास का. ते सांगत गेलं तसं मी लिहित गेलो. त्या ओळीत जागा पुरली नाही, फॉर्म उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. आणि सगळ्यात खाली त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं, पगार कंपनीकडून असेल तरच संपर्क करावा.